डावरी छाप आणि दीडशे परक्या कात्र्या

मी, खाली सही करणार, वय चोपन्न वर्षे सात महिने, धंदा शिंप्यांच्या कात्र्या घडवणे, राहणार कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, ज्याला सगळा बाजार ‘डावरीवाला’ म्हणतो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने इस्पितळाच्या छापील फॉर्ममध्ये मी परवा काढून दिलेल्या चार चुका बघाव्यात. कुणी मला धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे, एवढंच निमित्त.

डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव धडधाकट घरी जातात. मी विचारलं, नवी झडप कोणत्या कारखान्याची? म्हणाले, चांगल्या कंपनीची असते. मी म्हणालो, डबा दाखवा. त्याला दोन दिवस लागले, पण दाखवला. डब्यावरचा नंबर आणि शिक्का मी वहीत उतरवून घेतला आहे. सौ. म्हणाल्या, “अहो, ती कात्री नाही.” कात्री असती तर मी डबा मागितलाच नसता. हातात घेतली की कळतं.

माझं शिक्षण सातवी. मृत्युपत्र कसं लिहावं हे मी रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका कायद्याच्या पुस्तकातून शिकलो, ज्याची पहिली बारा पानं नव्हती. वकील मुद्दाम लावला नाही. त्याने एका पानात आटोपलं असतं आणि त्या पानावर मी कुठेच सापडलो नसतो.

यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र या लिखाणाने रद्द होत आहे. त्यात मी माझ्या मेहुण्यांना, म्हणजे सौ.च्या थोरल्या भावाला, एक आरसा ठेवला होता, तोंड बघायला. तो आरसा न्हाणीघरात लावावा.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण एकच आहे, ते आधीच सांगतो. घर, पैसे यांवरून माझी माणसं भांडणार नाहीत. प्रश्न आहे तो ‘डावरी छाप’ या मार्क्याचा. एका मोठ्या पार्टीचं पत्र आलं आहे. त्यांना कारखाना नको, ऐरण नको, माणसं नकोत. फक्त नाव आणि चित्र हवं. माझ्या मुलाने ते पत्र जपून ठेवलं आहे. मी मंगळवारी परत आलो नाही तर बुधवारी ते बाहेर निघेल, म्हणून मी आज शुक्रवारीच लिहायला बसलो.

कलम १. वरच्या मजल्याच्या तिन्ही खोल्या आणि गच्ची सौ.ची. तिथे कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे त्या ठरवतील, आजवरही त्यांनीच ठरवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी एकोणीस वर्षं दुरुस्त करतो म्हणत आलो आहे. ती आता माझ्या हातून होईलसं दिसत नाही. क्षमस्व.

कलम २. बँकेतली ठेव अर्धी सौ.ची, उरलेली दोन्ही मुलांना सारखी. पासबुक कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुठे असते हे घरात कुणालाच माहीत नाही, असं मी आजवर समजत आलो आहे. सगळ्यांनी तेवढा मान ठेवला, त्याबद्दल आभारी आहे.

कलम ३. कारखान्यातली सगळी हत्यारं, ऐरण, दोन्ही धारेची चाकं, चिमटे, भट्टी, भिंतीवरच्या सत्तावीस कानशी, हे सर्व माझ्या मुलीचं. कानशी उतरत्या क्रमाने टांगलेल्या आहेत, त्या तशाच राहाव्यात. सहावा खिळा रिकामा आहे, तो मेहुण्यांनी नेलेल्या कानशीचा. त्यावर दुसरं काही टांगू नये.

मी कात्री शिकलो ती कुणाच्या हाताखाली नाही. एका शिंप्याची मोडकी कात्री मागून आणली, उघडली, परत जोडली, पुन्हा उघडली. पाती सरळ असून चालत नाहीत, दोन्हींना नखाएवढा बाक लागतो, म्हणजे मिटताना ती एका वेळी एकाच जागी भेटतात, हे मला कुणी सांगितलं नाही. अकराव्या कात्रीला समजलं. पहिल्या दहा आम्ही घरात कागद कापायला वापरल्या आणि कागदाचीही तक्रार होती.

सुरुवातीच्या डब्यांवर मी ‘परदेशी पोलाद’ छापलं होतं. पोलाद होतं भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्यांचं. ट्रक परदेशी होता. दोन वर्षांनी ते शब्द मी स्वतःहून काढले, पण दोन वर्षं छापले हेही खरं. इथे लिहून ठेवतो, पुढच्या कबुल्यांना ओळीने यायचं सोपं जावं म्हणून.

कलम ४. आता मार्का. हा काय आहे ते नीट समजून घ्यावं, कारण तो कपाटात नाही आणि त्याला किल्लीही नाही.

जांभळ्या डब्यावर कात्रीचं चित्र हवं म्हणून मी स्वतः काढून ठसेवाल्याला दिलं. त्याने लाकडावर ते जसंच्या तसं कोरलं. ठसा कागदावर उमटला तेव्हा चित्र फिरलं होतं. उजव्या हाताची कात्री डाव्या हाताची झाली. मी त्याच्या दुकानात उभा राहून बराच वेळ बोललो. तो म्हणाला, “कात्री आहे ना? मग झालं.” दुसरा ठसा करायची तेव्हा माझी ऐपत नव्हती. डबे तसेच गेले. वर्षभरात शिंपी दुकानात येऊन ‘ती डावरी द्या’ म्हणायला लागले. मी डाव्या हाताची कात्री कधी विकायला ठेवलेलीच नाही. एक डावखुरा शिंपी मोठ्या आशेने लांबून आला होता, डबा उघडला आणि त्याने मला जे सुनावलं ते मृत्युपत्रात लिहिता येणार नाही. त्याला एक खास घडवून दिली. तेवढीच.

दुसरी गोष्ट पट्टीची. प्रत्येक कात्री डब्यात जाण्याआधी ओल्या मलमलीची एक पट्टी टोकापर्यंत कापते. ओलं कापड खोटं बोलत नाही, पात्यात कसर असेल तर टोकाशी ते चावलं जातं. ती पट्टी वाळवून त्याच कात्रीखाली डब्यात ठेवायची. दुसऱ्या कात्रीने कापलेली चालणार नाही. मी पंचवीस वर्षं हे केलं आहे आणि शिंपी डबा उघडला की कात्रीआधी पट्टी बघतात.

वकील याला ‘गुडविल’ म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणे गुडविल म्हणजे, मला न ओळखणाऱ्या माणसाने दुकानात येऊन, घाईत, कात्री न तपासता डबा उचलणं. तो मला काहीतरी उसनं देऊन जातो, आणि मी ते परत करतो की नाही हे त्याला घरी गेल्यावर कळतं.

कलम ५. मेहुणे. ते माझ्याकडे नऊ वर्षं होते. हात चांगला. प्रत्येक कात्री पुरी झाली की अंगठ्याच्या कडीच्या आत कानशीचा एक बारीक ओरखडा काढायची त्यांना सवय होती, आपल्या किती झाल्या ते समजावं म्हणून. मी ती सवय मोडली, माझ्याकडे होते तोवर. नवव्या वर्षी त्यांनी विचारलं, डब्याच्या एका बाजूला माझं नाव छापाल का? मी म्हणालो, डब्यावर जागा नाही. डब्याची डावी बाजू कोरी होती. आजही कोरी आहे.

ते गेले, आणि दोन गल्ल्या सोडून त्यांनी दुकान टाकलं. जांभळा डबा. वर कात्री. आत मलमलीची पट्टी, एका फटक्यात शंभर कापून आणलेली. विक्रेत्यांना सांगायचे, एकाच घरचा माल आहे. नात्याने बघितलं तर खोटं नव्हतं. मी दावा लावला. सौ. त्या काळात माझ्याशी फक्त भांड्यांमार्फत बोलत होत्या.

कोर्टात त्यांच्या वकिलांनी अर्धा तास एकच गोष्ट समजावली, की कात्रीचं चित्र काढायला कुणाची परवानगी लागत नाही. जांभळा रंगही मी जन्माला घातलेला नाही. बरोबर होतं. माझे वकील कागद चाळत राहिले. शेवटी मी न्यायाधीशांची परवानगी मागितली आणि दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मेहुण्यांकडे बघून विचारलं, “माझी कात्री ठसेवाल्याच्या चुकीने डावरी झाली. तुमच्या कात्रीला काय झालं?”

त्यांनी छताकडे बघितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. आम्हाला मनाई हुकूम मिळाला. तो डबा, ते चित्र, ‘एकाच घरचा’ हे बोलणं, सगळं बंद. त्यांचे डबे नष्ट झाले, बिनडब्याच्या कात्र्या गोदामात पडून राहिल्या. आमच्या पट्ट्यांबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्या मी काचेत लावल्या.

त्यांचा माल वाईट होता का, हे मला कोर्टात कुणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन बोललो नाही. आता लिहितो. वाईट नव्हता. नाकाचं, म्हणजे टोकाचं, काम थोडं कमी असायचं. बाकी माझ्याच भट्टीवर शिकलेला हात.

कलम ६. हे कलम माझ्या मुलांना माहीत नाही, निदान मी तसं धरून चाललो होतो.

दाव्यानंतर दीड वर्षाने कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याने तीनशे कात्र्या मागितल्या. तारीख ठरली, आणि धारेच्या मोठ्या चाकाची मोटर जळली. माझ्याकडे होत्या एकशे अठ्ठावन्न. शब्द गेला असता. तेव्हा मी एका दलालामार्फत, माझं नाव पुढे न करता, मेहुण्यांच्या गोदामातल्या दीडशे कात्र्या उचलल्या. पाती पुन्हा घासली, माझा शिक्का मारला, माझ्या डब्यात घातल्या. पट्ट्या मी आदल्या आठवड्यात दुसऱ्या कात्रीने कापून ठेवल्या होत्या, एकदम.

ज्या मालावर मी मनाई हुकूम मिळवला तोच माल मी स्वतःच्या डब्यात घालून स्वतःचा म्हणून विकला. हुकमाची प्रत तेव्हा माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर टांगलेली होती. मेहुण्यांनी नक्कल केली तेव्हा गिऱ्हाइकाला निदान डबा तपासायची सोय होती. मी तीही ठेवली नाही.

आठ उरल्या, त्या मी दुकानात मांडल्या. वाया कशाला.

महिन्याभराने मेहुणे दुकानात आले. दाव्यानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, एक कात्री द्या. मी फळीवरून दिली. घाईत कोणती दिली ते बघितलं नाही. त्यांनी डबा उघडला, पट्टी बाजूला ठेवली, कात्री हातात घेतली आणि अंगठा कडीत घालून एकदा फिरवला. माझ्याकडे बघितलं. मग पुरी किंमत मोजून ठेवली आणि म्हणाले, “छान आहे, भावोजी. अगदी घरची वाटते.”

आणि गेले. दलालाला नाही, बाजाराला नाही, बहिणीलाही नाही, त्यांनी आजतागायत हे कुणाला सांगितलेलं नाही. एक शब्द बोलले असते तर काचेतल्या त्या चार ओळी मला स्वतः खरवडून काढाव्या लागल्या असत्या. मी सात वर्षं वाट बघतो आहे. एवढ्या चिकाटीने माणूस माझ्याशी वाईट वागला असता तर मला झोप तरी लागली असती.

कलम ७. मुलगा. तो हुशार आहे, गोड बोलतो, दुसऱ्याच्या कंपनीत दुसऱ्याचा माल विकतो. ते पत्र घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला पंचवीस वर्षं, पट्ट्या, नावलौकिक, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “बाबा, लोक डबा बघून घेतात. आत कुणाची कात्री आहे ते कोण बघतंय?”

मी दीडशे वेळा त्याचंच म्हणणं सिद्ध करून बसलो होतो. मी त्याला म्हणालो, छाती दुखते आहे. डॉक्टरकडे नेलं तर खरंच निघालं. तेव्हा झडपेचा शोध मुलाने लावला असं म्हणता येईल. माझी दुचाकी आणि मनगटी घड्याळ त्याला. घड्याळ मूळ कंपनीचं आहे, मी उघडून बघितलं आहे. मार्का त्याला नाही. राग नाही, पण नाही.

कलम ८. मुलगी. ती माझ्याकडे धार लावायच्या टेबलावर बसते. त्या तीनशेच्या ऑर्डरनंतर काही महिन्यांनी शिवणकारखान्यातून कात्र्या धारेला आल्या. एक हातात घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाबा, ही आपली नाही.”

मी म्हणालो, शिक्का बघ. ती म्हणाली, शिक्का आपला आहे, कात्री नाही. कडीत अंगठ्याला काहीतरी लागतं. मी चार माणसांसमोर तिला सांगितलं, डोळे तपासून घे.

तिने तपासून घेतले. संध्याकाळी माझ्या टेबलावर चष्मेवाल्यांची चिठ्ठी होती. ‘दोन्ही डोळ्यांची नजर उत्तम. चष्म्याची गरज नाही.’ वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर तीच कात्री ठेवलेली होती. या विषयावर आम्ही परत बोललो नाही. चिठ्ठी मी फेकली नाही, खणात ठेवली. का ठेवली, सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात एक कानस शोधताना मी तिच्या टेबलाचा खालचा खण उघडला. आत कात्र्या होत्या. त्रेचाळीस. प्रत्येकीच्या कडीला दोऱ्याने चिठ्ठी, कुणाकडून परत घेतली आणि कोणत्या तारखेला. बदल्यात तिने प्रत्येकाला नवी दिली होती, आणि त्या नव्या तिने सुट्टीच्या दिवशी स्वतः घडवल्या होत्या, म्हणून माझ्या साठ्यात कधी फरक पडला नाही. मला वाटायचं, रविवारी खाली ठोकठोक चालते ती पोरीची हौस. नोंदीत एकही चूक नाही. मी शोधली.

मी खण लावला. कानस घेतली नाही.

म्हणून लिहून ठेवतो की, ‘डावरी छाप’ हे नाव, डाव्या हाताचं ते चित्र, मूळ लाकडी ठसा, जांभळा रंग आणि त्यांना चिकटलेला बरावाईट सगळा लौकिक माझ्या मुलीचा, एकटीचा. बापाच्या तोंडावर ‘ही आपली नाही’ म्हणू शकणाऱ्याकडेच मार्का राहू शकतो. माझ्याकडे तो सात वर्षं नुसता मुक्कामाला आहे.

याला जोडून तीन गोष्टी. पहिली, मार्का कारखान्यापासून तोडून विकता येणार नाही, आणि बाहेर घडलेली कात्री जांभळ्या डब्यात जाणार नाही. तिला काम बंद करावंसं वाटलं तर ठसा भट्टीत घालावा, छान जळेल, जुनं लाकूड आहे.

दुसरी, दीडशेतल्या त्रेचाळीस परत आल्या, एक मेहुण्यांनी नेली, उरल्या एकशे सहा. कडीत ओरखडा असलेली कात्री घेऊन जो येईल, त्याला काही न विचारता नवी द्यावी. दुकानात पाटी लावावी, माझ्या नावाने, की अमुक कात्र्या या कारखान्यात घडलेल्या नव्हत्या आणि तसं भासवून मी विकल्या. मजकूर मी लिहून ठेवला आहे, ठसेवाल्याकडे देऊ नये, रंगाऱ्याकडून हाताने लिहून घ्यावा. वर्तमानपत्राच्या चार ओळी आहेत त्याच जागी.

तिसरी, डब्याच्या डाव्या बाजूला यापुढे कात्री घडवणाऱ्याचं नाव छापावं. जो घडवेल त्याचं. यात कुणाला बक्षीस नाही. जागा होती, ती भरायची राहिली होती, इतकंच.

कलम ९. दुकानात माझा फोटो लावू नये. मला फोटोत हसता येत नाही आणि गिऱ्हाईक बिचकतं. त्या जागी चष्मेवाल्यांची ती चिठ्ठी काचेत घालून लावावी. ती टेबलाच्या उजव्या खणात, पावतीपुस्तकाखाली आहे.

मी मंगळवारी परत आलो तर पाटीचं काम मी स्वतः बुधवारी करीन, आणि मुलीशी काय ते बोलेन. हे इथे लिहिल्याने मला आता मागे फिरता येणार नाही, म्हणूनच लिहिलं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सौ. करतील. रद्दीतल्या त्या पुस्तकात म्हटलं आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. वाचकाच्या लक्षात आलं असेल की मेहुण्यांना मी काहीच ठेवलेलं नाही, आरसाही काढून घेतला. मला त्यांची सही हवी होती. साक्षीदाराने मजकूर वाचला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. सौ.नी त्यांना निरोप धाडला आहे आणि ते जिना चढताहेत असं खालच्या आवाजावरून वाटतं.

सर्व पानं सात, प्रत्येकावर माझी सही, खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्हींवर सही.

ठिकाण: कारखान्याच्या वरची, रस्त्याकडची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

(सही) डावरीवाला

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचे चष्मेवाले. माझ्यासमक्ष सही झाली. त्या चिठ्ठीतला तपशील बरोबर आहे, आजही तपासून देईन. (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा मेहुणा. सही माझ्यासमक्ष झाली. मजकूर पूर्ण वाचला, दोनदा. दीडशेतली एक माझ्याकडे आहे हे खरं. ती परत मागू नये, रोजच्या वापरात आहे. सहाव्या खिळ्याची कानस सोबत आणली आहे. (सही)